बदला घ्यायचा की सूड? आणि तो 'उगवतो' कसा काय?

प्रश्न असा आलाय: 'सोनचिडिया' हा डाकूंवरचा हिंदी सिनेमा बघितला, त्यात सगळे बदला बदला करत फिरतात, तर मराठीत 'बदला घेणे' चालतं की ते हिंदीतून घुसलंय, आणि 'सूड उगवणे' यातलं उगवणे म्हणजे सूर्यासारखं उगवणं का?

आधी बदला. मूळ अरबी 'बदल', म्हणजे एकाच्या जागी दुसरं. आपल्याकडे याची पोरंबाळं भरपूर आहेत: अदलाबदल, मोबदला, सरकारी नोकरीतली बदली, गिरण्यांमधला बदली कामगार. मुंबईच्या शेअरबाजारात तर सौदा पुढे ढकलायच्या पद्धतीलाच बदला म्हणायचे, २००१ मधे सेबीने ती बंद केली. आणि पठाणांच्या पश्तोत 'बदल' म्हणजे सूडही आणि साट्यालोट्याचं लग्नही! म्हणजे शब्दात राग वगैरे काही नाही, नुसती देवघेव आहे. मराठीत 'बदला घेणे' आता इतकं रुळलंय की चूक म्हणण्यात अर्थ नाही, फक्त पोस्टरवर नुसतं 'बदला' दिसलं की मला अजून वाटतं कोणीतरी हुकूम सोडतंय, काय बदलू बाबा?

आता उगवणे. सूर्याचा काही संबंध नाही. जुन्या मराठीत हे सकर्मक क्रियापद होतं, गुंता उगवणे म्हणजे सोडवणे आणि कर्ज उगवणे म्हणजे वसूल करणे. हिंदीत उगाही म्हणतात ना वसुलीला, अर्थाने अगदी त्याच्या शेजारचं. म्हणजे सूड उगवणे = थकबाकी वसूल करणे. प्रतिशोधातला शोधसुद्धा ऋण फेडण्यातला, हरवलेली किल्ली शोधण्यातला नाही, आणि अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशात तर सुडाला 'वैरशुद्धि' म्हटलंय. उट्टं फेडणे, भरपाई, हिशोब चुकता करणे, जिकडे बघावं तिकडे वाण्याची वहीच.

म्हणूनच हे शब्द घराण्यांच्या वैरात चपखल बसतात, बापाचं कर्ज मुलावर येतं तसा सूडही येतो. पण 'सोनचिडिया'सारख्या गोष्टीत, म्हणजे १९७५ चं चंबळ, ठाकूर, गुज्जर, मल्लाह, आणि सासरच्यांपासून पोरीला घेऊन पळणारी इंदुमती, तिथे ही वही गडबडते. कारण खातं माणसाच्या नावावर राहतच नाही, जातीच्या नावावर जातं. खऱ्या घटना घ्या. १४ फेब्रुवारी १९८१ ला उत्तर प्रदेशातल्या बेहमईत २० माणसं मारली गेली, बहुतेक ठाकूर, त्याला मल्लाह जातीतल्या डाकू फूलनदेवीचा बदला म्हटलं गेलं, तिच्यावर त्या गावात अत्याचार झाले होते. मग २५ जुलै २००१ ला दिल्लीत तिलाच गोळ्या घातल्या आणि मारणारा शेर सिंह राणा म्हणाला बेहमईचा बदला घेतला. शब्द एकच, पण पहिल्या वेळी सोसलेली बाई स्वतः घेणेकरी होती, दुसऱ्या वेळी वीस वर्षांनी कोणीतरी जातीच्या वतीने वसुलीला आला.

आणि बिहारमधलं लक्ष्मणपूर बाथे, डिसेंबर १९९७, रणवीर सेनेने, म्हणजे वरच्या जातीच्या जमीनदारांच्या खासगी टोळीने, एका रात्रीत ५८ दलित माणसं मारली, बायका-मुलं धरून. याला बातमीत सूड किंवा बदला लिहिलं की मला खटकतं, कारण सूड म्हटलं की समोरच्याकडे काहीतरी येणं होतं असं आपोआप कबूल होतं, त्या पोरांकडे कसलं येणं होतं? तिथे हत्याकांडच लिहावं.

बाकी सिनेमाविषयी बोलताना बदला, सूड काहीही चालेल. फक्त 'सूड करणे' नको, सूड घेतात किंवा उगवतात. आणि क्रिकेटमधे मागच्या पराभवासाठी सूड जरा जडच होतो, तिथे 'वचपा काढला' म्हणा, बरं वाटतं कानाला.