हरकतीची पोच आहे का?

गेल्या काही महिन्यांत आलेल्या पत्रांत दोनच विषय पुन्हा पुन्हा येतात. नगरपरिषदेची नवी कर आकारणी हा एक, आणि डिसेंबर २०२५ च्या निवडणुकांनंतर कोणाची कुठे वर्णी लागली हा दुसरा. काही पत्रांत दोन्हींची सरमिसळ आहे: कर वाढला तर नगरसेवकाकडे जावे की मुख्याधिकाऱ्याकडे? निवडक प्रश्न घेतले आहेत. उत्तरे नगरपरिषदा आणि नगरपंचायतींपुरती आहेत. महानगरपालिकांचा कायदा वेगळा, त्यामुळे तिथल्या वाचकांनी ही कलमे आपल्याला लावू नयेत.

प्रश्न: आमच्या घराच्या कराची नवी नोटीस आली. मागच्यापेक्षा रक्कम जवळपास दुप्पट आहे. 'हरकत असल्यास ३० दिवसांत' असे छापले आहे. 'कर जास्त आहे' एवढे लिहून दिले तर चालेल का? (वाचक, जि. सातारा)

घेतील, पण त्याचा उपयोग शून्य. 'कर जास्त आहे' ही तक्रार झाली, हरकत नाही. हरकतीत नोटिशीतला कोणता आकडा चुकला, हे दाखवावे लागते. त्यासाठी आधी तो आकडा कसा तयार झाला ते समजून घ्या.

बहुतेक नगरपरिषदांत अजून वार्षिक भाडेमूल्याची पद्धत आहे. बांधकामाचे क्षेत्रफळ गुणिले दरमहा प्रति चौरस मीटर भाडेदर गुणिले १२, हे झाले वार्षिक भाडेमूल्य. त्यातून दुरुस्तीसाठी १० टक्के वजा केले की करयोग्य मूल्य निघते, आणि त्यावर कराची टक्केवारी लागते. भाडेदर तीन गोष्टींवर ठरतो: घर कोणत्या विभागात आहे, बांधकाम कसले आहे (आरसीसी, लोडबेअरिंग, पत्र्याचे, मातीचे) आणि वापर निवासी आहे की बिगरनिवासी. यांतली एक नोंद चुकली की पुढचे सगळे चुकते.

कल्पना करा, घर बाहेरून बाहेर २२ फूट बाय ३१ फूट आहे. ६८२ चौरस फूट. भागिले १०.७६४, म्हणजे ६३.३६ चौरस मीटर. नोटिशीत मात्र ७९.२० चौरस मीटर आहे. हे कुठून आले? सर्व्हे करणाऱ्या मुलाने बाहेरचा जिना आणि मोटारसायकलवरचे पत्र्याचे छप्परही घरातच मोजले. दर महिना १५ रुपये धरला, तर बरोबर करयोग्य मूल्य १०,२६४ रुपये आणि नोटिशीतले १२,८३० रुपये. सगळे कर मिळून २५ टक्के धरले तर वर्षाला ६४१ रुपयांचा फरक पडतो. आकारणी साधारण चार वर्षे टिकते, म्हणजे अडीच हजारांहून जास्त गेले.

आता तेच घर आतून मोजा. भिंती नऊ इंची असतील तर २०.५ बाय २९.५ फूट, म्हणजे ५६.१८ चौरस मीटर भरते. तेव्हा तुमच्या नगरपरिषदेचा भाडेदर बाहेरच्या मापावर आहे की आतल्या, हे कर विभागात विचारून घ्या. दर आतल्या मापाचा आणि मोजणी बाहेरून, ही चूक सर्रास होते. खोलीत दुकान नसताना 'बिगरनिवासी' शेरा पडणे ही दुसरी. चाळीस वर्षांच्या लोडबेअरिंग घराला बाहेरून रंग दिला म्हणून ते आरसीसीत गेले, ही तिसरी. बिगरनिवासी शेऱ्याचा फटका दुहेरी बसतो: भाडेदर चढतो आणि वर रोजगार हमी उपकरही लागतो, जो निवासी वापराला नसतो.

हरकतीसोबत हाताने काढलेला नकाशा (लांबी-रुंदी लिहून), बांधकाम परवानगीची प्रत, मागची कर पावती, चारही बाजूंचे फोटो आणि वीजबिल जोडा. घरगुती वीजजोडणी हा निवासी वापराचा चांगला पुरावा असतो. मागणी आकड्यात लिहा: 'क्षेत्रफळ ७९.२० ऐवजी ६३.३६ चौ.मी. धरावे, वापर निवासी नोंदवावा.' दोन प्रती करा. एक आवक विभागात द्या, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. हा कागद जपा. तो का जपायचा, ते तिसऱ्या प्रश्नात कळेल.

प्रश्न: आमच्या प्रभागाचे नगरसेवक म्हणतात, 'हरकत वगैरे करू नका, सभेत ठराव करून वाढ रद्द करतो.' थांबावे का? (वाचक, जि. अहिल्यानगर)

थांबू नका. त्यांचा हेतू चांगला असेलही, पण दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते आहे.

कराचा दर, म्हणजे टक्केवारी, हा सभेचा विषय. शासनाने घातलेल्या मर्यादांत राहून सभा तो ठरवते. पण तुमच्या घराचे करयोग्य मूल्य ठरवण्याचे काम सभेचे नाही. नगररचना विभागाचा प्राधिकृत मूल्यनिर्धारण अधिकारी ते करतो आणि हरकतींची सुनावणीही त्याच टप्प्यावर होते. नगरसेवक सुनावणीला तुमच्यासोबत येऊ शकतात, तुमची बाजू मांडू शकतात, आणि चांगले नगरसेवक तसे करतातही. मात्र आकारणी यादीतला तुमचा आकडा ठरावाने खोडता येत नाही.

सभेने उत्साहाच्या भरात 'नवी आकारणी रद्द' असा ठराव केलाच, तर तो कायद्याला धरून नाही म्हणून नगरपरिषद अधिनियमाच्या कलम ३०८ खाली जिल्हाधिकारी त्याची अंमलबजावणी थांबवू शकतात. ठरावावर विसंबून बसलेल्यांची हरकतीची मुदत तोवर उलटलेली असते. मग बिले निघतात आणि सभागृहातल्या टाळ्या कोणाच्या कामी येत नाहीत.

प्रश्न: हरकत द्यायची राहिली. आता बिल आले आहे. अपील करता येईल का? (वाचक, जि. सोलापूर)

अवघड आहे. खोटी आशा दाखवत नाही.

महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ च्या कलम १६९ खाली बिलाविरुद्ध मालमत्ता कर अपील समितीकडे जाता येते. पण कलम १७० ने दारावर तीन कड्या लावल्या आहेत. अपील बिल मिळाल्यापासून १५ दिवसांत व्हायला हवे. आकारणीच्या नोटिशीवर मुदतीत लेखी हरकत दिलेली असायला हवी. आणि बिलाची रक्कम नगरपरिषदेत भरलेली हवी. दुसरी कडी तुमच्यासाठी बंद आहे, आणि वर सांभाळायला सांगितलेली पोच नेमकी इथेच लागते. तोंडी सांगितले होते, क्लार्कने 'बघतो' म्हटले होते, याला समितीपुढे किंमत नाही.

'आधी पैसे भरा' हे ऐकून बरेच जण चिडतात. अपील जिंकले तर फरक परत मिळतो किंवा पुढच्या बिलात वळता होतो. भरताना अर्ज द्या: 'हरकत कायम ठेवून रक्कम भरत आहे.' भरली नाही, तर कलम १५०-अ प्रमाणे थकबाकीवर दरमहा २ टक्के शास्ती, म्हणजे दंड, सुरू होते. दहा हजारांच्या थकबाकीवर महिन्याला २०० म्हणजे वर्षाला २,४०० रुपये. रागाचे इतके व्याज कोणालाच परवडत नाही.

तरी एक वाट शिल्लक आहे. घरात खरोखर बदल झाला असेल, म्हणजे खोली पाडली, दुकान बंद करून पुन्हा राहण्यासाठी वापर सुरू केला, तर यादीत दुरुस्तीसाठी मुख्याधिकाऱ्यांकडे अर्ज करा. यादी चार वर्षांची असली तरी मधल्या काळात दुरुस्ती होऊ शकते. पण ती बदल झाल्यापासून पुढे लागू होते, मागची वर्षे त्यात धुऊन निघत नाहीत.

प्रश्न: स्वीकृत नगरसेवक कोणाला करतात? आमच्याकडे निवडणुकीत पडलेल्यालाच घेतले. हे चालते का? (वाचक, जि. जळगाव)

स्वीकृत म्हणजे निवडून न येता नेमलेला सदस्य. पडलेल्याला घ्यायला बंदी नाही. कायद्याची अट अशी की त्या व्यक्तीला नगरपालिका प्रशासनाचे विशेष ज्ञान किंवा अनुभव हवा. संविधानाच्या अनुच्छेद २४३-आर मध्येही हीच भाषा आहे. प्रत्यक्षात वाटप निवडून आलेल्या पक्ष-आघाड्यांच्या गटांच्या संख्याबळावर होते, म्हणून निकालानंतर सगळ्यांना जिल्हाधिकाऱ्यांकडे गट नोंदवण्याची घाई असते. नोंदणी झाल्यावर गटाचा आदेश मोडला, तर नगरसेवकपद घालवू शकणाऱ्या १९८६ च्या अनर्हता कायद्याचा बडगा बसू शकतो.

संख्येची मर्यादा थेट निवडून आलेल्या सदस्यांच्या १० टक्के किंवा ५, यांत जे कमी असेल ते. ३० निवडून आले तर ३. निवडून आलेले ६५ असले तरी ५ च.

आणि मुख्य गोष्ट: स्वीकृत सदस्य सभेत बोलू शकतो, पण मत देऊ शकत नाही. तुमच्या कराच्या ठरावावर मतदान झाले तर त्याचा हात मोजला जात नाही. अनुभवी डॉक्टर, निवृत्त अभियंता किंवा लेखापाल आला तर त्याच्या बोलण्याने सभेचा दर्जा नक्की वाढतो. पण या जागा बहुतेक ठिकाणी नाराजांची समजूत काढायला वापरतात, हे आमचे मत लपवायचे कारण नाही. नियुक्तीवर आक्षेप असेल तर सादर केलेल्या अनुभवाच्या कागदपत्रांची प्रत मागा. माणूस पडलेला आहे हा मुद्दा टिकणार नाही, अनुभवाचा पुरावा नाही हा टिकू शकतो.

प्रश्न: मुलाला नगरपरिषदेत लिपिक म्हणून 'लावून देतो' असे एकाने सांगितले आहे. 'नवी बॉडी आली, आता जागा निघतील' म्हणतो. खरे असेल का? (वाचक, जि. नांदेड)

एक रुपयाही देऊ नका.

मुख्याधिकारी शासन नेमते, नगराध्यक्ष किंवा सभा नेमत नाही. कर निर्धारण व प्रशासकीय सेवा, स्थापत्य अभियांत्रिकी, लेखा, पाणीपुरवठा, संगणक, अग्निशमन ही राज्यस्तरीय संवर्गांची पदे आहेत. त्यांची भरती नगरपरिषद प्रशासन संचालनालय जाहिरात काढून आणि परीक्षा घेऊन करते. बाकी पदे मंजूर आकृतिबंधात, म्हणजे शासनाने मंजूर केलेल्या पदांच्या तक्त्यात, असतील तरच भरता येतात. निवडून आलेली बॉडी बदलली म्हणून आकृतिबंधात जागा उगवत नाहीत.

कंत्राटी 'ऑपरेटर' म्हणून घेतले तर तो ठेकेदाराचा माणूस असतो. ठेका संपला की तोही संपला. 'नंतर कायम करतात' हे वाक्य शक्यतो ठेका मिळवणाऱ्याच्याच तोंडून ऐकू येते.

परीक्षेशिवाय नोकरीच्या कायदेशीर वाटा मोजक्या आहेत. सेवेत असताना कर्मचाऱ्याचा मृत्यू झाला तर अनुकंपा: गट क किंवा ड, अर्ज ठरलेल्या मुदतीत. दुसरी, सफाई कामगारांच्या वारसांना लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार मिळणारी नियुक्ती. तिच्याबाबत २४ फेब्रुवारी २०२३ चा शासन निर्णय आहे, तो आस्थापना विभागात वाचायला मागा. यांतले काहीच तुम्हाला लागू नसेल तर मुलाला परीक्षेची तयारी करू द्या.

प्रश्न: वडील गेले. घराच्या कराला माझे नाव लागले की घर माझ्या नावावर झाले, बरोबर ना? (वाचक, जि. रत्नागिरी)

नाही. कर आकारणीचा उतारा कर कोणाकडून घ्यायचा एवढेच सांगतो. मालकी मिळकत पत्रिकेवरून, सातबाऱ्यावरून आणि दस्तांवरून पाहतात. तरीही नाव लावून घ्या, नाहीतर बिल आणि नोटिसा वडिलांच्याच नावाने येत राहतात आणि हरकतीच्या वेळी 'तुम्ही कोण?' इथून सुरुवात होते. मृत्यूचा दाखला, वारसांचे प्रतिज्ञापत्र, इतर वारसांची संमती आणि कर चुकता असल्याची पावती लागते. बहीण असेल तर तिची सही घ्या. नंतर वाद निघण्याची जागा हीच.

प्रश्न: परवानगीशिवाय वरची खोली बांधली. दुप्पट शास्ती भरतो आहे. आता ती अधिकृत झाली ना? (वाचक, जि. पुणे)

झाली नाही. कलम १८९-अ खालची ही शास्ती मालमत्ता कराच्या दुपटीपर्यंत असू शकते आणि करासोबत भरावी लागते. ती भरल्याने बांधकाम नियमित झाले असे मानता येत नाही, ते पाडण्याचा अधिकार नगरपरिषदेकडे राहतो. नियमित करून घेण्याचा प्रस्ताव बांधकाम विभागात वेगळा द्यावा लागतो, आणि सामासिक अंतर, म्हणजे इमारतीभोवती सोडायची मोकळी जागा, सुटलेले नसेल तर तो मंजूर होणे कठीण.

प्रश्न: करवाढीचा ठराव कधी झाला, कोणी विरोध केला, हे कोणी सांगत नाही. कसे कळेल? (वाचक, जि. लातूर)

माहिती अधिकाराचा अर्ज करा. राज्यात नमुना 'अ', १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप, मजकूर १५० शब्दांच्या आत आणि एका अर्जात एकच विषय. 'करवाढ का केली?' असे विचारू नका, 'का' ला उत्तर द्यायला माहिती अधिकारी बांधील नाही. त्याऐवजी लिहा: 'कर आकारणीचा विषय ज्या सभेत होता तिची विषयपत्रिका, उपस्थिती पत्रक, इतिवृत्त व ठरावाची साक्षांकित प्रत द्यावी.' पानाला २ रुपये पडतात. ३० दिवसांत उत्तर नाही आले तर पुढच्या ३० दिवसांत पहिले अपील, त्याला २० रुपयांचा स्टँप. इतिवृत्तात विरोध नोंदवलेला नसेल, तर सभेबाहेर 'मी कडाडून विरोध केला' म्हणणाऱ्या सदस्याला ते पान दाखवा.