उत्क्रांतीचं काम छापण्याआधी डार्विनने कोणाचा सल्ला घेतला होता?

सर्वांत जास्त जोसेफ हूकरचा. हा तरुण वनस्पतिशास्त्रज्ञ 1843 मध्ये अंटार्क्टिकची सफर करून परतला होता. डार्विनने त्याला पॅसिफिक महासागरातल्या गॅलापागोस बेटांवरून आणलेल्या वनस्पती तपासायला दिल्या आणि 11 जानेवारी 1844 च्या पत्रात मनातलं सांगून टाकलं: प्रजाती बदलतात असं मला वाटू लागलंय, आणि हे सांगणं म्हणजे खून कबूल केल्यासारखं आहे. कंसात लिहिलेलं ते वाक्य वाचताना मला आजही भरून येतं.

हूकरने हुरळून होकार दिला नाही, तो शंका काढत राहिला. 1845 मध्ये एका फ्रेंच लेखकाबद्दल त्याने सहज लिहिलं की, ज्याने पुष्कळ प्रजातींचं बारकाईने वर्णन केलेलं नाही त्याने या प्रश्नाला हात घालू नये. डार्विनने ते स्वतःला लावून घेतलं. पुढच्याच वर्षी त्याने बार्नाकल हाती घेतले, म्हणजे आपल्या कोकणातल्या खडकांवर अनवाणी पायाला कचकन टोचतात ते पांढरे, शंकूसारखे जीव. त्यांत आठ वर्षं गेली. एवढा वेळ वाया गेला असं काही जण म्हणतात, मला ते पटत नाही. एकाच प्रजातीत किती फरक असतात हे त्याने तिथे सूक्ष्मदर्शकाखाली स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं.

प्रजाती कशा बदलतात यावर डार्विनने 1844 मध्ये लिहिलेला मोठा निबंध हूकरने 1847 मध्ये वाचून टिपणं पाठवली. डार्विनचं पुस्तक, ‘ऑन द ओरिजिन ऑफ स्पीशीज’, आलं 1859 मध्ये.