पॉइंट लिलावात लावावेत का?

प्रश्न : कंपनीच्या कामासाठी सतत फिरावे लागत असल्याने मॅरियट हॉटेलांच्या ‘बॉनव्हॉय’ या सदस्य योजनेतील माझ्या खात्यात दीड लाख पॉइंट साठले आहेत. आयपीएलचा सामना खास कक्षातून पाहणे, खेळाडूंना भेटणे, असे फक्त सदस्यांसाठी असलेले अनुभव तिथे लिलावात दिसतात. मुलगा क्रिकेटवेडा आहे. पॉइंट त्यात घालावेत, की मोफत मुक्कामासाठी ठेवावेत?
– एक वाचक, पुणे

उत्तर : आधी आपल्या पॉइंटची रुपयांतली किंमत काढा. समजा, ज्या हॉटेलात आपण एरवीही उतरला असता, तिथे एका रात्रीचे भाडे ९,००० रुपये आहे आणि तीच खोली १५,००० पॉइंटांत मिळते. भाड्यावर १८ टक्के जीएसटी धरला, तर १०,६२० रुपये वाचतात, म्हणजे एका पॉइंटला साधारण ७० पैसे पडतात. या हिशेबाने आपले दीड लाख पॉइंट लाखाच्या थोडे वरच जातात. पॉइंटांवर सलग पाच रात्री घेतल्यास या योजनेत चारच रात्रींचे पॉइंट द्यावे लागत असल्याने, लांबच्या मुक्कामात ही किंमत आणखी वाढते.

आता लिलावाकडे याच नजरेने पाहावे. ८०,००० पॉइंटांची बोली म्हणजे ५६,००० रुपये. तेवढी रक्कम आपण पाकिटातून काढून दिली असती का? पॉइंट फुकटचे वाटतात, म्हणून हात सैल सुटतो, आणि लिलावात तर तो अधिकच सुटतो. त्यामुळे कमाल आकडा आदल्या दिवशीच कागदावर लिहून ठेवावा. बोली लावण्यापूर्वी पॅकेजचा तपशील अक्षरशः ओळ न ओळ वाचावा : किती जणांना प्रवेश आहे, मुक्काम धरलेला आहे की नाही, सामना पुढे ढकलला गेल्यास काय. ‘खेळाडूंची भेट’ म्हणजे निवांत गप्पा, की रांगेत उभे राहून काढलेला एक फोटो, हेही तिथेच कळते. मुलाला आधी काय सांगायचे ते त्यावरून ठरवा.

माझे स्पष्ट मत असे की, जे पैसे देऊनही बाहेर मिळत नाही, त्यासाठीच पॉइंट मोडावेत. नाशिकच्या वायनरीत चव घेण्याचा कार्यक्रम कुणालाही पैसे भरून करता येतो. त्यावर ‘खास’ची चिठ्ठी चिकटवली म्हणून तो दुर्मीळ होत नाही. खेळाडूंची भेट मात्र तिकीट खिडकीवर मिळत नाही, एवढे मान्य करावेच लागेल.

पॉइंट साठवून ठेवणे ही बचत नव्हे, कारण त्यांवर व्याज नाही, सलग २४ महिने खात्यात हालचाल नसेल तर ते बाद होतात, आणि या कंपनीने २०२२ मध्ये ठरलेले दरपत्रक मोडीत काढल्यापासून त्याच खोलीला उद्या जास्त पॉइंट लागू शकतात.

तेव्हा लिहून ठेवलेल्या आकड्यापर्यंत बोली लावा. ती त्यापुढे गेली, तर वानखेडेची दोन साधी तिकिटे काढा आणि त्या रात्रीची मुंबईतली खोली पॉइंटांवर घ्या.