अडचणीचे कौतुक कसे करावे?

प्रश्न : ‘अप्रिशिएट’ या इंग्रजी क्रियापदाचा अर्थ ‘कौतुक करणे’ असा मी शाळेत शिकलो. अलीकडे एका पत्रात ‘आय अप्रिशिएट युअर डिफिकल्टी’ असे वाक्य वाचले; चलन ‘अप्रिशिएट’ झाल्याच्या बातम्याही येतात. अडचणीचे कौतुक कोणी कसे करील?

उत्तर : आपली शंका रास्त आहे. ‘कौतुक’ हा अर्थ चुकीचा नसला, तरी तो या क्रियापदाच्या एका बाजूपुरताच आहे. लॅटिनमध्ये ‘प्रेटियम’ म्हणजे किंमत, आणि ‘किंमत ठरवणे’ या अर्थाचे जे क्रियापद त्यावरून तयार झाले, त्यातून ‘अप्रिशिएट’ आले. ‘प्राइस’, ‘प्रेशस’ आणि ‘प्रेझ’ हेही त्याच कुळातले शब्द आहेत. एखाद्या गोष्टीचे मोल किंवा तिचे गांभीर्य नेमके ओळखणे हा त्याचा गाभा असून, ते ओळखणाऱ्याने तोंडाने स्तुतीचा एक शब्दही काढला नाही, तरी हे क्रियापद लागू पडते. म्हणून संगीताच्या किंवा चित्राच्या संदर्भात मराठीने त्यासाठी ‘रसग्रहण’ हा शब्द योजला, तो मला फार समर्पक वाटतो. मदतीच्या संदर्भात ‘जाण ठेवणे’ चपखल बसते, आणि आपण वाचलेल्या वाक्याचा अर्थ ‘तुमची अडचण किती मोठी आहे हे मी जाणतो’ असा होतो. अशा वाक्यानंतर पुष्कळदा ‘बट’ येतो आणि त्यामागून नकार, हेही वाचताना ध्यानात असू द्यावे.

चलनाच्या बाबतीत मात्र हे क्रियापद अकर्मक असते आणि त्याचा अर्थ केवळ ‘मूल्य वाढणे’ असा होतो. ‘डिप्रिशिएट’ हा त्याच्या उलट.

लिहिताना होणारी एक चूक फारच रुळली आहे. ‘आय वुड अप्रिशिएट इफ यू रिप्लाय’ असे सर्रास लिहिले जाते. परंतु या अर्थी क्रियापद सकर्मक असल्याने त्याला कर्म हवे, म्हणून प्रमाण लेखनात ‘अप्रिशिएट इट इफ’ असेच लिहावे. तसेच ‘आय अ‍ॅम अप्रिशिएटिंग युअर हेल्प’ असे न लिहिता ‘आय अप्रिशिएट युअर हेल्प’ असे लिहावे, कारण येथे क्रियापद घडत असलेली कृती सांगत नाही, तर मनाची स्थिती सांगते. मूल्य वाढणे ही प्रत्यक्ष घडणारी प्रक्रिया असल्यामुळे ‘द करन्सी इज अप्रिशिएटिंग’ हे वाक्य मात्र निर्दोष आहे.