कुठल्या कलमाखाली?

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

अमेरिकेच्या टॅरिफवरचा तुझा लेख वाचला. भाषा ओघवती आहे, संपादक छापतीलही. पण त्यात ट्रम्प यांचा राग आहे, मोदींबरोबरच्या गळाभेटी आहेत, नोबेलची हौस आहे, आणि कायद्याचं कलम मात्र एकदाही नाही. माणसाच्या मनात काय चाललंय ते तुला पुण्यात बसून कळणार नाही, मलाही कळत नाही. त्यानं सही कशावर केली ते मात्र कळतं. ते फेडरल रजिस्टर नावाच्या त्यांच्या राजपत्रात छापून येतं आणि फुकट वाचायला मिळतं.

तू लिहिलंस, 'ऑगस्ट 2025 मध्ये सर्व भारतीय मालावर 50 टक्के शुल्क लागलं.' आपल्या वाहिन्याही तेच सांगत होत्या. आदेश उघडून बघ. ते दोन आहेत. पहिले 25 टक्के 7 ऑगस्टपासून 'परस्पर' (म्हणजे जशास तसं) शुल्क म्हणून, दुसरे 25 टक्के 27 ऑगस्टपासून रशियन तेल घेतल्याबद्दल. औषधं त्यातून वगळलेली, स्मार्टफोन वगळलेले, पोलाद आणि ॲल्युमिनियमचं खातंच वेगळं. म्हणजे हैदराबादचा गोळ्या बनवणारा त्या आठवड्यात झोपू शकला असेल आणि अंधेरीच्या सीप्झ या निर्यात क्षेत्रातून दागिने पाठवणारा जागा राहिला असेल. तुझ्या लेखात दोघं एकाच रांगेत उभे आहेत. परिशिष्टं रटाळ असतात, कबूल, नुसत्या एचएस कोडच्या, म्हणजे मालाच्या वर्गवारीच्या आकड्यांच्या याद्या. पण न्हावा शेवाचा सीएचए, म्हणजे कस्टमची कामं करणारा दलाल, भाषण ऐकत बसत नाही, आधी ती यादी उघडतो. तूही तेच कर.

मग बघायचं, हे कुठल्या अधिकारात केलं? अमेरिकेच्या राज्यघटनेनुसार शुल्क बसवायचा अधिकार काँग्रेसचा, म्हणजे त्यांच्या संसदेचा. 1930 च्या स्मूट-हॉली कायद्यात काँग्रेसनंच हजारो वस्तूंचे दर ठरवले. खासदारांनी आपापल्या भागातले धंदे त्यात घुसडले, इतर देशांनी उलट शुल्क लावलं आणि मंदीत आधीच आटलेला व्यापार आणखी आटला. हात पोळल्यावर 1934 पासून काँग्रेसनं हा अधिकार थोडा थोडा अध्यक्षांकडे सोपवला. 1962 च्या कायद्यातलं कलम 232 राष्ट्रीय सुरक्षेसाठी, 1974 च्या कायद्यातलं 301 दुसऱ्या देशाच्या अन्याय्य व्यापारासाठी, आणि 1977 चा आणीबाणीतल्या आर्थिक अधिकारांचा कायदा, ज्याला तिकडे 'आयीपा' म्हणतात. भारतावरचे दोन्ही आदेश या आयीपाखाली निघाले. त्या कायद्यात टॅरिफचा उल्लेखसुद्धा नाही.

याविरुद्ध कोर्टात कोण गेलं ते बघ. न्यूयॉर्कचा एक वाइन आयातदार आणि मुलांची शैक्षणिक खेळणी बनवणारी इलिनॉयची एक कंपनी. बड्या कंपन्या सुरुवातीला लांबच राहिल्या. वाइनवाल्याच्या बाजूनं आंतरराष्ट्रीय व्यापार न्यायालयानं 28 मे 2025 ला निकाल दिला, अपील न्यायालयानं 29 ऑगस्टला 7 विरुद्ध 4 मतांनी तो मूळ मुद्द्यावर कायम केला, आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. म्हणजे आपल्यावर 50 टक्के लागले त्या दिवशी त्या शुल्काचा कायदेशीर पायाच वादात होता. आणि तू लेखाच्या शेवटी दोन देशांच्या मैत्रीचं श्राद्ध घालून मोकळी!

'सुरक्षा' असं दिसलं की दुप्पट सावध हो. मार्च 2018 मध्ये कलम 232 खाली पोलादावर 25 आणि ॲल्युमिनियमवर 10 टक्के शुल्क जाहीर झालं. त्याआधी संरक्षणमंत्री मॅटिस यांनीच लेखी कळवलं होतं की सैन्याची गरज अमेरिकेच्या स्वतःच्या उत्पादनाच्या साधारण 3 टक्केच आहे. काही महिन्यांत शुल्क कॅनडालाही लागलं, जो नाटोतला मित्र आणि पोलादाचा मोठा पुरवठादार. ऑक्टोबर 2025 मध्ये याच कलमाखाली गादीचे सोफे आणि स्वयंपाकघरातली कपाटंही आली. (सोफ्यावर बसून अमेरिका कुणाशी लढणार, हे मला अजून कुणी समजावलेलं नाही.) पण म्हणून सुरक्षा म्हणजे निव्वळ बहाणा, असं ठोकून देऊ नकोस. ऑक्टोबर 2022 मध्ये चीनला प्रगत चिप विकण्यावर बायडन सरकारनं घातलेले निर्बंध खरोखर लष्करी हिशेबातून आले होते. प्रत्येक वेळी तपासावंच लागतं.

आणि शुल्क एकदा बसलं की निघता निघत नाही. माझं आवडतं उदाहरण कोंबडीचं. साठच्या दशकाच्या सुरुवातीला युरोपच्या सामायिक बाजारानं स्वस्त अमेरिकन कोंबडीवर शुल्क वाढवलं. उत्तर म्हणून अध्यक्ष जॉन्सन यांनी डिसेंबर 1963 मध्ये बटाट्याचा स्टार्च, डेक्स्ट्रिन, ब्रँडी आणि हलके ट्रक यांवरचं शुल्क वाढवलं. ट्रकमागे रोख फोक्सवॅगनवर होता. बाकीचं पुढे निघालं, ट्रकवरचे 25 टक्के राहिले, कारण डेट्रॉइटच्या कंपन्या आणि त्यांच्या कामगार संघटना दोघांनाही ते हवेसे झाले. त्यावरची युक्तीही बघण्यासारखी आहे. फोर्ड कंपनी तुर्कस्तानात बनवलेल्या मालवाहू व्हॅनमध्ये मागची सीटं बसवून आणायची, म्हणजे ती प्रवासी गाडी ठरून 2.5 टक्क्यांत सुटायची. अमेरिकेत उतरल्यावर सीटं उपटून काढायची. सरकारनं खेचलं तेव्हा 2024 मध्ये 36.5 कोटी डॉलर देऊन प्रकरण मिटवावं लागलं. साठ वर्षांमागच्या कोंबडीची ही किंमत! तेव्हा 'सरकार बदललं की टॅरिफ जाईल' हे तुझं वाक्य काढ. चीनवरचं 2018 चं शुल्क बायडन यांनी चालूच ठेवलं आणि मे 2024 मध्ये चिनी इलेक्ट्रिक गाड्यांवरचं 100 टक्क्यांवर न्यायचं जाहीर केलं.

कलम वाचलं की सगळं कळतं असंही समजू नकोस. रशियाकडून एस-400 ही हवाई संरक्षणाची क्षेपणास्त्र प्रणाली घेणाऱ्यावर निर्बंध घालायला काट्सा हा 2017 चा कायदा आहे. त्याखाली डिसेंबर 2020 मध्ये तुर्कस्तानवर, नाटोतल्या सदस्यावर, निर्बंध आले. भारतानं तीच प्रणाली घेतली, 2021 च्या अखेरीपासून ती यायलाही लागली, आणि आपल्याला त्या कायद्याखाली कुणी हात लावला नाही. कायदा एकच, पण चीनचा शेजारी म्हणून आपली गरज वेगळी धरली गेली. राजकारण इथे सुरू होतं, आणि तुझं खरं लेखन इथेच लागणार आहे.

आता आंब्याचा परिच्छेद. 2007 मध्ये आपला आंबा तिकडे जायला लागला आणि त्याच सुमाराला हार्ली-डेव्हिडसनच्या मोटारसायकलींना इकडचं दार उघडलं, हे तू बरोबर पकडलंस. पण पुढे थांबलीस. तो आंबा गेला लासलगावच्या 'कृषक' केंद्रातून, जे मुळात कांद्याला कोंब फुटू नयेत म्हणून उभारलं होतं, आणि विकिरणाच्या (किडीसाठी फळावर किरणांचा मारा करण्याच्या) वेळी अमेरिकेच्या कृषी खात्याचा निरीक्षक हजर लागतो. मे 2025 मध्ये नवी मुंबईत विकिरण झालेल्या 15 खेपा लॉस एंजेलिस, सॅन फ्रान्सिस्को आणि अटलांटाला अडल्या, कारण पीपीक्यू 203 हा तपासणीच्या दाखल्याचा फॉर्म चुकीचा दिला गेला होता. परत आणणं परवडेना, तो माल तिकडेच नष्ट करावा लागला. एकाही नेत्याचं भाषण त्यात आडवं आलं नव्हतं. लेखाची सुरुवात इथून कर. गळाभेटीची तीन पानं काढलीस की जागाही होईल.

दुसरा खर्डा दिवाळी अंकाची मुदत संपायच्या आत पाठव, आणि प्रत्येक आकड्यापुढे पेन्सिलीनं कलम लिहून पाठव. जिथे कलम सापडणार नाही तिथे नुसतं प्रश्नचिन्ह टाक, आपण दोघं मिळून शोधू. घरी सगळ्यांना नमस्कार.