रॉकेटचं इंधन महागल्यामुळे अंतराळप्रवास महाग होतोय का? पुढे कोणतं इंधन येईल?

नाही. खर्चात इंधनाचा वाटा किरकोळ असतो. स्पेसएक्स कंपनीचं फाल्कन 9 रॉकेट उड्डाणाच्या वेळी सुमारे 549 टनांचं असतं आणि त्यात 500 टनांच्या आसपास केरोसीन व द्रव ऑक्सिजनच असतो. हे सगळं भरायला साधारण 2 लाख डॉलर लागतात, असं इलॉन मस्क यांनी 2011 मध्ये सांगितलं होतं. उड्डाणाचा खर्च मात्र कोट्यवधी डॉलर. 2022 मध्ये स्पेसएक्सने उड्डाणाचा दर 6.2 कोटींवरून 6.7 कोटी डॉलर केला. इंधनाची किंमत दुप्पट झाली असती तरी त्यातून 50 लाखांची वाढ निघाली नसती. शिवाय भरलेल्या वजनात दोन तृतीयांशाहून जास्त ऑक्सिजन असतो आणि तो हवेतूनच वेगळा काढतात.

पैसा जातो तो इंजिनं, टाक्या, चाचण्या आणि माणसांवर. आणि एवढं बनवून एका उड्डाणात समुद्रात टाकण्यावर. नासाच्या आर्टेमिस 1 या चांद्रमोहिमेच्या एसएलएस रॉकेटची चारही मुख्य इंजिनं आधी स्पेस शटलवर उडून परत आलेली होती. ती या वेळी बुडाली.

तरीही इंधनाची निवड महत्त्वाची असते, कारण टाकी आणि इंजिन कसं बनवावं लागेल हे त्यावर ठरतं.

हायड्रोजनचा विशिष्ट आवेग (तेवढ्याच वजनाच्या इंधनातून किती रेटा मिळतो याचं माप) निर्वातात सुमारे 450 सेकंद, म्हणजे रासायनिक इंधनांत अव्वल. पण तो उणे 253 अंशांवर ठेवावा लागतो आणि एक किलोला 14 लिटर जागा लागते. केरोसीनला सव्वा लिटर पुरते. त्यात हायड्रोजनचा रेणू इतका लहान की सीलमधली बारीकशी फटही त्याला पुरते. 3 सप्टेंबर 2022 ला आर्टेमिस 1 भरताना 8 इंची नळीच्या जोडाशी गळती झाली. जोड गरम होऊ देऊन पुन्हा थंड करायचा, म्हणजे सील नीट बसेल, असा प्रयत्न झाला. हेलियमचा दाबही देऊन पाहिला. गळती थांबली नाही, उड्डाण रद्द. शेवटी सील बदलली आणि भरण्याची गती व दाब हळूहळू वाढवायची पद्धत ठरवली.

केरोसीन दाट आणि हाताळायला सोपं. पण इंजिनाच्या भिंतीतल्या अरुंद नळ्यांमधून ते थंडाव्यासाठी फिरवतात, तिथे फार तापलं की किटलीत क्षार धरावेत तसा कार्बन धरतं. मग उष्णता पुढे जात नाही आणि भिंत जास्त तापते. इंजिन पुन्हा पुन्हा वापरायचं असेल तर ही काजळी त्रासदायक ठरते.

म्हणून माझ्या मते निदान रॉकेटच्या पहिल्या, म्हणजे जमिनीवरून उचलणाऱ्या टप्प्यासाठी पुढची काही दशकं मिथेनची आहेत. विशिष्ट आवेग साधारण 360 ते 380 सेकंद, काजळी जवळजवळ नाही. तापमान उणे 161, ऑक्सिजनचं उणे 183. दोन्ही जवळ असल्याने दोन टाक्यांमध्ये एकच सामाईक भिंत चालते, जाड उष्णतारोधक लागत नाही. शिवाय टाकीतला दाब टिकवायला मिथेनचीच वाफ वापरता येते, महागड्या हेलियमची गरज कमी होते. जुलै 2023 मध्ये चीनचं झूछ्वे-2 हे कक्षेत पोहोचलेलं पहिलं मिथेन रॉकेट ठरलं. नंतर व्हल्कन आणि न्यू ग्लेन ही अमेरिकी रॉकेटंही गेली.

इंधन खरंच महाग पडतं ते वर, कक्षेत. तिथे किंमत असते वाहतुकीची. स्पेसएक्सच्या स्टारशिप यानाला चंद्रावर जायचं तर कक्षेत टँकरच्या अनेक फेऱ्यांनी भरावं लागणार, आणि तोवर आधीचं इंधन उन्हाने उकळून उडत राहणार. वजनरहित अवस्थेत द्रव टाकीच्या तोंडाशी राहत नाही, म्हणून पंप करण्याआधी थ्रस्टरने, म्हणजे छोट्या इंजिनाने, यानाला हलका धक्का द्यावा लागतो.

मंगळावरच इंधन बनवायचं म्हणाल, तर कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजनपासून मिथेन बनवण्याची रसायनं जुनी आणि पक्की आहेत. अडचण प्रमाणाची आहे. मिथेन जाळायला ऑक्सिजनही लागतो, आणि नासाच्या पर्सिव्हरन्स या मंगळावरच्या गाडीतल्या मॉक्सी उपकरणाने सगळ्या चाचण्या मिळून 122 ग्रॅम ऑक्सिजन बनवला. चार जणांना मंगळावरून उठवायला नासाच्या अंदाजाने 25 टन लागतो.