अल्पविश्वासी की अविश्वासू?

प्रश्न: गुड फ्रायडेच्या उपदेशात ‘पाण्यात बुडणारा अविश्वासू पेत्र’ असं ऐकलं. बायबलात मात्र ‘अल्पविश्वासी’ वाचल्याचं आठवतं. दोन्ही एकच का?

उत्तर: मुळीच नाही. हा घोळ ऐकून कान किटले. अविश्वासू म्हणजे ज्याच्यावर भरवसा टाकता येत नाही तो, गल्ल्यात हात घालणारा नोकर. अल्पविश्वासी म्हणजे ज्याचा स्वतःचा विश्वास ऐनवेळी तोकडा पडतो तो. गोष्ट आठवा: येशू पाण्यावरून चालत नावेकडे येतो, त्याचा शिष्य पेत्र त्याच्याकडे जायला पाण्यावर उतरतो, बुडू लागतो आणि येशू त्याला धरून ‘अल्पविश्वासी’ म्हणतो. त्या गालील समुद्रावर पेत्राने कुणाला दगा दिला? बाकीचे नावेतच बसून होते. हा एकटा उतरला, चाललाही, मग वारा पाहून भ्यायला.

मूळ ग्रीक शब्द ‘ओलिगोपिस्तोस’, म्हणजे थोड्या विश्वासाचा. मत्तयाच्या शुभवर्तमानात (येशूच्या चरित्रात) तो चारदा येतो, लूकाच्या शुभवर्तमानात एकदा. एकवचनात, एकाच माणसाला उद्देशून, फक्त इथे: मत्तय 14:31.

पण खरी मजा आपल्या ‘विश्वास’मध्ये आहे. ‘विश्व + आस, म्हणजे जगाची आशा’ ही व्याख्यानातली फोड कृपा करून विसरा. ती व्युत्पत्ती नव्हे, कोटी आहे. धातू श्वस्, उपसर्ग वि. संस्कृतात विश्वस् म्हणजे मोकळा श्वास घेणे, निर्धास्त होणे. भरवसा ठेवणे हा अर्थ त्यातूनच आला. ‘आश्वासन’ याच धातूचं. धाप लागलेल्याचा श्वास परत जागेवर आणणं ते आश्वासन. (निवडणुकांनी त्याची काय दशा केली ते सोडा.)

आता तो प्रसंग पुन्हा वाचा. नाकातोंडात पाणी जातंय आणि माणूस ओरडतो, ‘प्रभू, मला वाचवा.’ ग्रीकमध्येही तीनच शब्द आहेत, ‘किरिये, सोसोन मे’. दम संपलेल्याची प्रार्थना याहून लांब असूच शकत नाही. अल्पविश्वासी म्हणजे ज्याला श्वास पुरला नाही तो!

ग्रीक ‘पिस्तिस’चा श्वासाशी काही संबंध नाही, तो पटण्या-पटवण्याच्या धातूतला, हे मला ठाऊक आहे, पत्रं पाठवू नका. ‘विश्वास हा शब्द व्यवहारी, तिथे श्रद्धाच हवी’ असं म्हणणाऱ्या पंडितांना मात्र मी विचारतो, बुडणाऱ्याला आधी काय लागतं? श्रद्धा शब्द थोरच आहे, पण तो काठावर बसून उच्चारायचा. ‘विश्वास’ निवडणाऱ्या मराठी भाषांतरकारांचा कान तुमच्याहून तयार होता.

येशूला अटक झाल्यानंतरची, महायाजकाच्या (मुख्य यहुदी पुरोहिताच्या) वाड्यातली रात्र वेगळी. थंडी आहे, अंगणात कोळशाचा विस्तव पेटलाय, शेकत उभ्या असलेल्या पेत्राला दासी हटकते आणि हा तीनदा म्हणतो, मी त्याला ओळखत नाही. तिथे ‘अविश्वासू’ म्हणा, मी हरकत घेणार नाही. भीती दोन्हीकडे तीच, पण समुद्रावर त्याने हाक मारली आणि इथे ओळख नाकारली. ‘कोंबडा आरवण्याआधी तू मला तीनदा नाकारशील’ असं येशूने आधीच सांगितलं होतं; कोंबडा आरवल्यावर तो बाहेर जाऊन रडला, ते याच फरकामुळे.

आणि पुढे, योहानाच्या शुभवर्तमानाच्या 20व्या अध्यायात, येशू क्रुसावर मरून पुन्हा उठल्यावर, हेच शिष्य भीतीने दारं लावून बसलेले असतात. येशू आत येतो, ‘तुम्हांस शांती असो’ म्हणतो आणि त्यांच्यावर काय करतो? श्वास फुंकतो! योहानाला मराठी येत नव्हतं, तरीही.

हां, तुमचा प्रश्न. बुडताना अल्पविश्वासी; विस्तवापाशी हवं तर अविश्वासू.